ब्रिज : डाव ठरतो पहिल्या पानाआधी

पत्ते कसे येतील ते नशिबावर; आलेल्या पत्त्यांचे काय करायचे ते डोक्यावर. ब्रिजमध्ये बोली जिंकणाऱ्या खेळाडूने डमीतील पहिले पान टाकण्यापूर्वी घेतलेले एक मिनिट साऱ्या डावाचे भवितव्य कसे ठरवते, याचा हा परिचय.

पत्त्यांचा खेळ म्हटला की नशिबाची गोष्ट आलीच. 'आज पानेच पडत नव्हती' हे वाक्य मेंढीकोटापासून रमीपर्यंत प्रत्येक खेळात हरलेल्या बाजूकडून ऐकू येते. ब्रिजमध्ये मात्र ही सबब फार काळ टिकत नाही. बावन्न पत्त्यांतून एका खेळाडूला मिळू शकणाऱ्या तेरा पानांच्या जुळण्या ६३,५०१ कोटींहून अधिक आहेत. त्यामुळे हाती कोणती पाने येतील हे कोणालाच सांगता येत नाही, हे खरे. पण स्पर्धांमधून खेळल्या जाणाऱ्या 'डुप्लिकेट' ब्रिजमध्ये एका टेबलावर वाटलेली पाने जशीच्या तशी पुढच्या टेबलावर जातात. तीच पाने, तोच डाव अनेक जोड्या खेळतात. एका जोडीला त्यातून नऊ हात मिळतात, दुसरीला आठच. मग दोष पानांना कसा द्यायचा?

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा देताना रमीतील नशिबाची तुलना ब्रिजच्या वाटपातील नशिबाशी केली होती, ती याच अर्थाने. वाटप होईपर्यंतच दैवाचे राज्य. पुढचे सारे खेळाडूच्या हाती. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार या भारतीय जोडीने पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले. तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. धावण्या-उड्या मारण्याच्या स्पर्धेत साठीतला सुवर्णपदक विजेता पाहून अनेकांच्या भुवया उंचावल्या. पुढे हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने रौप्यपदक मिळवले.

मग सारखीच पाने असताना फरक पडतो कुठे? थोडा बोलीत, थोडा बचावात. पण सर्वांत ठळकपणे पडतो तो डिक्लेररच्या नियोजनात. आणि हे नियोजन करण्याची खरी वेळ एकच असते : डमी टेबलावर मांडली गेल्यानंतर आणि तिच्यातील पहिले पान टाकण्यापूर्वी.

खेळ थोडक्यात

ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी दोन शब्द. चार खेळाडू, समोरासमोर बसलेल्यांच्या दोन जोड्या. टेबलाच्या चार बाजूंना चार दिशांची नावे. प्रत्येकाला तेरा पाने. प्रत्येकाने एकेक पान टाकले की एक हात पूर्ण होतो. असे एकूण तेरा हात. आधी बोली होते. बोलीतील आकड्यात सहा मिळवले की किती हात करण्याची हमी दिली ते कळते. 'चार इस्पिक' म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात. 'तीन नो ट्रम्प' म्हणजे बिनहुकमी डाव आणि नऊ हात. ही हमी म्हणजेच कॉन्ट्रॅक्ट. या खेळाची आज प्रचलित असलेली गुणपद्धती अमेरिकेतील हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये एका सागरी प्रवासात बसवली आणि तेव्हापासून जुन्या 'ऑक्शन' ब्रिजची जागा 'कॉन्ट्रॅक्ट' ब्रिजने घेतली.

बोली जिंकणाऱ्या जोडीपैकी ज्याने तो रंग प्रथम उच्चारला तो डिक्लेरर. त्याच्या डावीकडचा प्रतिस्पर्धी पहिली उतारी करतो. ती होताच डिक्लेररचा जोडीदार आपली तेराही पाने टेबलावर उघडी मांडतो. ही डमी. यानंतर डमीच्या मालकाला डावात बोलण्याचा अधिकार नाही. कोणते पान टाकावे हे सुचवायचे नाही, की चुकीच्या खेळीवर कपाळाला आठीही घालायची नाही. त्याने आपली सारी पुंजी विश्वासाने जोडीदाराच्या हवाली केलेली असते. छब्बीस पानांचा कारभार आता एकट्या डिक्लेररचा.

नवशिका खेळाडू इथेच घाई करतो. उतारी झाली, डमीत त्या रंगाचा राजा दिसला की 'राजा टाक' असे सांगून तो मोकळा होतो. विचार सुरू होतो पाचव्या-सहाव्या हाताला, अडचण समोर ठाकल्यावर. तोवर बहुतेक वेळा उपाय हातचा गेलेला असतो.

पाच प्रश्न

जाणकार खेळाडू पहिल्या पानाआधी स्वतःला साधारणतः पाच प्रश्न विचारतो.

१. मला किती हात हवेत आणि त्यांपैकी किती आजच, या क्षणी माझे आहेत?
२. उरलेले हात कोणत्या रंगातून येऊ शकतात?
३. ते मिळवताना प्रतिस्पर्ध्यांकडे उतारी किती वेळा जाईल आणि तेवढ्यात ते काय करतील?
४. दोघा प्रतिस्पर्ध्यांपैकी धोक्याचा कोण?
५. या हातातून त्या हातात जाण्याच्या वाटा, म्हणजे 'एन्ट्री', पुरेशा आहेत का?

नो ट्रम्पमध्ये मिळणारे हात मोजणे सोयीचे, तर हुकमाच्या डावात जाणारे हात मोजणे सोयीचे, असा सर्वसाधारण संकेत आहे. प्रत्यक्षात दोन्ही मोजणी करून पाहणे उत्तम. हे प्रश्न कागदावर सोपे वाटतात. त्यांचा कस लागतो तो पाने समोर आल्यावर. म्हणून तीन डाव पाहू. शक्य असल्यास पत्त्यांचा जोड काढून ही पाने समोर मांडावीत. तिन्ही डावांत डिक्लेरर दक्षिणेला, डमी उत्तरेला आणि पहिली उतारी पश्चिमेची आहे.

पहिला डाव : मिळणारा हात सोडून द्या

कॉन्ट्रॅक्ट तीन नो ट्रम्प. हवेत नऊ हात.

डमी (उत्तर)
इस्पिक : ८, ६
बदाम : एक्का, ७, ३
चौकट : एक्का, गुलाम, १०, ९, ५
किलवर : ७, ५, ४

डिक्लेरर (दक्षिण)
इस्पिक : एक्का, ७, ४
बदाम : राजा, ८, ५
चौकट : राणी, ८, ४
किलवर : एक्का, राजा, ६, ३

पश्चिमेने इस्पिकचा राजा उतरला आहे. मोजणी करू. इस्पिकचा एक, बदामचे दोन, किलवरचे दोन आणि चौकटचा एक्का : पक्के हात सहा. तीन कमी. ते कुठून यावेत हे उघड आहे. चौकटमध्ये फक्त राजा प्रतिस्पर्ध्यांकडे आहे. हातातून राणी खेळायची. पश्चिमेकडे राजा असेल तर तो पकडला जाईल, हाच 'फिनेस'. राजा पूर्वेकडे असेल तर एक हात जाईल, पण तरीही चौकटचे चार हात मिळतील. एक, दोन, दोन आणि चार : नऊ. म्हणजे फिनेस फसला तरी कॉन्ट्रॅक्ट पूर्ण होते!

मग अडचण कसली? अडचण इस्पिकची. पश्चिमेकडे इस्पिकची पाच पाने आहेत असे समजू : राजा, राणी, गुलाम, ९, २. पूर्वेकडे तीन : १०, ५, ३. डिक्लेररने पहिल्याच उतारीला एक्का मारला आणि लगेच चौकटची राणी खेळली, तर पूर्व राजाने तो हात घेईल आणि जोडीदाराला इस्पिक परत करेल. पश्चिम इस्पिकचे चार हात ओढेल. चौकटचा एक धरून पाच हात गेले. डाव एका हाताने बुडाला.

उपाय साधा आहे, पण तो पहिल्या पानाआधी सुचायला हवा. इस्पिकचा राजा जाऊ द्यायचा. पश्चिमेने राणी खेळली, तीही जाऊ द्यायची. तिसऱ्या फेरीला एक्का घ्यायचा आणि डमीतून एक किलवर फेकायचे. आता पूर्वेकडचे तिसरे आणि अखेरचे इस्पिक संपले. चौकटची राणी खेळली, पूर्वेने राजाने मारली, तरी त्याच्याकडे परत करायला इस्पिकच नाही. तो बदाम खेळो वा किलवर, डिक्लेरर तो हात घेऊन चौकटचे उरलेले हात वसूल करतो. इस्पिकचे दोन आणि चौकटचा एक असे तीनच हात गेले. वाट्याला दहा आले; हवे होते नऊ.

पण थांबा! मोजणी पुन्हा करा. इस्पिक एक, बदाम दोन, किलवर दोन, चौकट चार. पक्के होतात नऊच. दहावा अजून कोणाचाच नाही. डावाच्या शेवटी उरणारा तो हात प्रतिस्पर्धी घेतील. मोजणी करताना असा हात आपल्या खात्यात धरून चालणे, ही टेबलावर नेहमी होणारी गफलत आहे. जे हात नावानिशी सांगता येतात, तेवढेच आपले.

पूर्वेकडे इस्पिकची चार पाने असती तर? मग पश्चिमेकडेही चारच. इस्पिकचे तीन आणि चौकटचा एक असे चार हात जातील. कॉन्ट्रॅक्टला धक्का नाही. फिनेस चुकला तर उतारी पूर्वेकडेच जाते आणि पूर्व निरुपद्रवी झालेला असतो, हा या योजनेचा गाभा. धोक्याचा खेळाडू पश्चिम. त्याच्याकडे चौकटचा राजा असेल तर तो फिनेसमध्ये सापडतोच.

एक्का किती वेळा रोखून धरावा, यासाठी खेळाडू 'सातचा नियम' वापरतात. त्या रंगाची आपल्या दोन्ही हातांत मिळून जितकी पाने असतील ती सातातून वजा करायची. इथे तीन अधिक दोन, पाच. सातातून पाच गेले, उरले दोन. म्हणून दोन वेळा रोखायचे. नियम लक्षात ठेवायला सोपा. मात्र त्यामागचे कारण समजले असेल तरच तो योग्य जागी वापरता येतो.

दुसरा डाव : हुकूम आधी काढू नका

मेंढीकोट खेळून ब्रिजकडे आलेल्या मराठी खेळाडूला हुकमाची किंमत सांगावी लागत नाही. ब्रिज शिकताना त्याला पहिला उपदेश मिळतो तो असा : 'आधी प्रतिस्पर्ध्यांचे हुकूम काढून घ्या.' उपदेश चांगला, पण आंधळेपणाने पाळायचा नव्हे.

कॉन्ट्रॅक्ट चार इस्पिक. हवेत दहा हात, म्हणजे तीनच गमावता येतील.

डमी (उत्तर)
इस्पिक : ९, ७, ३
बदाम : ६, २
चौकट : एक्का, राजा, ८, ४
किलवर : ८, ५, ४, २

डिक्लेरर (दक्षिण)
इस्पिक : एक्का, राजा, राणी, गुलाम, ६
बदाम : एक्का, ८, ४
चौकट : ७, ५
किलवर : एक्का, ७, ३

पश्चिमेची उतारी किलवरचा राजा. जाणारे हात मोजू. हुकमात एकही नाही. चौकटमध्ये नाही. बदाममध्ये दोन, किलवरमध्ये दोन. एकूण चार, एक जास्त. मिळणारे मोजले तरी हिशेब तोच : इस्पिकचे पाच, बदामचा एक, चौकटचे दोन, किलवरचा एक. नऊ. दहावा हात आणायचा कुठून?

डमीत बदामची दोनच पाने आहेत, डिक्लेररकडे तीन. तिसरे बदाम डमीतील हुकमाने कापता आले, तर डमीचा एक छोटा हुकूम स्वतंत्र हात मिळवून देईल. पण डिक्लेररने शिकवणीबरहुकूम एक्का, राजा, राणी खेळून प्रतिस्पर्ध्यांचे हुकूम काढले, तर त्यासोबत डमीतील तिन्ही हुकूमही जातील. मग कापणार कशाने?

म्हणून क्रम असा : किलवरचा एक्का घ्यायचा. लगेच बदामचा एक्का आणि पाठोपाठ छोटे बदाम. तो हात प्रतिस्पर्धी घेतील. ते किलवरचे आपले दोन हात घेतील. शहाणे असतील तर डमीचे हुकूम कमी करण्यासाठी हुकूमही खेळतील. हरकत नाही. उतारी त्यांच्याकडे गेली आहे एका बदामसाठी. तेवढ्यात डमीचे तिन्ही हुकूम संपत नाहीत. हाती उतारी येताच तिसरे बदाम डमीच्या नव्वीने कापायचे. छोट्या हुकमाने कापण्यात दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याने वरचढ हुकूम मारण्याचा धोका अधिक. आता डमीतून उरलेला हुकूम खेळून हातात यायचे आणि मग प्रतिस्पर्ध्यांचे हुकूम काढून घ्यायचे. बदामचा एक आणि किलवरचे दोन, एवढेच हात गेले. दहा हात पूर्ण.

हुकूम आधी काढायचे की नंतर, याचे उत्तर मोजणीतून येते. डमीतील हुकमांना काही काम असेल तर ते आधी उरकायचे. काम नसेल तर हुकूम काढायला क्षणाचाही विलंब नको; नाहीतर आपला पक्का एक्का प्रतिस्पर्ध्याच्या दुर्रीने कापला जाण्याची नामुष्की ओढवते.

तिसरा डाव : परतीचा रस्ता राखा

पुन्हा तीन नो ट्रम्प, हवेत नऊ हात.

डमी (उत्तर)
इस्पिक : राजा, ५, २
बदाम : ८, ५
चौकट : गुलाम, ७, ३
किलवर : राणी, गुलाम, १०, ९, ६

डिक्लेरर (दक्षिण)
इस्पिक : एक्का, ८, ४
बदाम : एक्का, राजा, ७, ३
चौकट : एक्का, ९, ६, २
किलवर : राजा, ४

पश्चिमेची उतारी इस्पिकची राणी. पक्के हात : इस्पिकचे दोन, बदामचे दोन, चौकटचा एक. पाच. किलवरचा एक्का घालवला की त्या रंगात चार हात तयार होतात. पाच आणि चार, नऊ. योजना सरळ दिसते. आणि बरोबर इथेच पहिल्या हाताला सवयीने डमीचा राजा टाकला जातो.

तो टाकला तर काय होते पाहा. डिक्लेरर किलवरचा राजा खेळतो. मुरलेला प्रतिस्पर्धी एक्का घेत नाही. दुसऱ्या फेरीला चव्वी खेळून डमीतून राणी टाकली की तो एक्का मारतो. आता डमीत किलवरचे गुलाम, दश्शी, नव्वी असे तीन पक्के हात मांडलेले आहेत. पण त्यांच्यापर्यंत जायचे कसे? डिक्लेररकडे किलवर उरलेले नाही. डमीत दुसऱ्या कोणत्याही रंगात हात घेणारे भरवशाचे पान नाही. काचेच्या कपाटातील मिठाईसारखे ते तीन हात दिसत राहतात. हाती लागत नाहीत.

योग्य खेळी म्हणजे पहिला हात इस्पिकच्या एक्क्याने स्वतःच्या हातात घेणे आणि डमीचा राजा राखून ठेवणे. मग किलवरचा राजा, पाठोपाठ चव्वी. प्रतिस्पर्ध्याने एक्का दुसऱ्या फेरीला घेवो वा तिसऱ्या. त्याने इस्पिक परत केले तर डमीचा राजा तिथेच हात घेतो, दुसरे काही खेळले तर डिक्लेरर तो हात घेऊन स्वतःच इस्पिकच्या राजाकडे जातो. किलवरचे हात वसूल होतात. नऊ पूर्ण.

पहिल्या डावात एक्का रोखून धरायचा होता. इथे तो तत्काळ घ्यायचा आहे. रंग तोच, पान तेच, वागणूक नेमकी उलटी. 'एक्का रोखावा' किंवा 'एक्का घ्यावा' असा सरसकट नियम का पाठ करता येत नाही, याचे उत्तर या दोन डावांत आहे. पान कसे खेळायचे ते त्या पानाकडे पाहून ठरत नाही. छब्बीस पानांच्या योजनेत त्याचे काम कोणते, यावरून ठरते.

टक्केवारीचा आधार

प्रतिस्पर्ध्यांची पाने दिसत नाहीत, पण त्यांची विभागणी कशी असण्याची शक्यता किती, हे गणिताने सांगता येते. एखाद्या रंगाची पाच पाने बाहेर असतील, तर ती तीन-दोन अशी विभागलेली असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, चार-एक २८ टक्के आणि पाच-शून्य ४ टक्के. सहा पाने बाहेर असतील तर मात्र तीन-तीनची शक्यता जेमतेम ३६ टक्के, चार-दोनची ४८. चार पाने बाहेर असतील तर तीन-एकची शक्यता जवळपास निम्मी आणि दोन-दोनची ४१ टक्के. 'सहा पाने आहेत, तीन-तीन असतीलच' ही नवशिक्याची समजूत गणिताला मान्य नाही.

या आकड्यांचा उपयोग दोन प्रकारे होतो. एक, अपेक्षा माफक ठेवून योजना आखण्यासाठी. समजा, डमीत चौकटचे एक्का, राजा, ७, ५, ३ आहेत, हातात ६, ४, २ आहेत आणि डमीत जाण्याची दुसरी वाट नाही. चार हात हवे आहेत. एक्का, राजा खेळून तिसरी फेरी दिली, तर उरलेली दोन पाने डमीत अडकतील. त्याऐवजी पहिलीच फेरी दोन्ही बाजूंनी छोटी पाने टाकून सोडून द्यावी. विभागणी तीन-दोन असेल, आणि ती ६८ टक्के वेळा असते, तर पुढच्या फेऱ्यांत एक्का, राजा आणि दोन छोटी पाने असे चारही हात मिळतात. जो हात केव्हातरी जाणारच आहे, तो सोयीच्या वेळी घालवावा, हे यातले शहाणपण.

दुसरा उपयोग, एकाहून अधिक आशा जोडण्यासाठी. एक हात कमी पडतो आहे. एका रंगात तीन-तीन विभागणी झाली तर तो मिळेल, दुसऱ्या रंगात फिनेस साधला तरी मिळेल. अनेक खेळाडू थेट फिनेसला हात घालतात : ५० टक्के. त्याऐवजी आधी पहिल्या रंगाची विभागणी तपासावी. ती अनुकूल निघाली तर फिनेसची गरजच नाही; न निघाली तर फिनेस शिल्लक आहेच. छत्तीस टक्के आणि उरलेल्या चौसष्टचे निम्मे : एकूण शक्यता ६८ टक्क्यांच्या घरात. पाने तीच, फक्त खेळण्याचा क्रम बदलला.

जादा हाताचा मोह

तीन नो ट्रम्प नेमके पूर्ण केले, तर साध्या स्थितीत ४०० गुण मिळतात. एक जादा हात केला तर त्यात ३० ची भर. उलट एक हात कमी पडला तर ते ४०० तर जातातच, वर प्रतिस्पर्ध्यांना ५० गुण मिळतात. तीस रुपयांच्या फायद्यासाठी साडेचारशेचा धोका कोणता व्यापारी पत्करेल? म्हणून घरगुती ब्रिजमध्ये आणि संघांच्या सामन्यांत डिक्लेररचे ध्येय एकच : कॉन्ट्रॅक्ट सुरक्षित करणे. जोड्यांच्या स्पर्धेत मात्र गणित थोडे निराळे असते. तिथे तीच पाने खेळणाऱ्या इतर जोड्यांशी तुलना होते, त्यामुळे तीस गुणांचा जादा हातही क्रमवारी उलटीपालटी करू शकतो. किती धोका पत्करायचा, हे स्पर्धेच्या प्रकारावरून ठरते आणि हा निर्णयही पहिल्या पानाआधीच व्हावा लागतो.

यंत्राचीही तीच कसोटी

बुद्धिबळात संगणकाने जगज्जेत्याला १९९७ मध्येच नमवले होते. ब्रिजमध्ये प्रतिस्पर्ध्यांची पाने झाकलेली असल्याने यंत्राला हे सोपे गेले नाही. मार्च २०२२ मध्ये पॅरिस येथे एका फ्रेंच कंपनीच्या 'नूक' या प्रोग्रॅमने आठ विश्वविजेत्या खेळाडूंशी स्पर्धा केली. त्यात बोली वगळण्यात आली होती. कसोटी होती ती केवळ डिक्लेररच्या खेळाची. विश्वविजेते आणि नूक तीच पाने, त्याच संगणकीय प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध खेळले. एकूण ८०० डाव, दहा-दहाचे ८० संच. त्यांपैकी ६७ संच नूकने जिंकले. यात बोली नव्हती, जोडीदाराशी संवाद नव्हता. त्यामुळे यंत्राने संपूर्ण ब्रिज जिंकले असे म्हणता येणार नाही. मात्र झाकलेल्या पानांचा अंदाज बांधत योजना आखणे आणि नवी माहिती मिळताच ती सुधारणे, हे डिक्लेररचे काम बुद्धीची परीक्षा म्हणून किती अवघड मानले जाते, ते यावरून दिसते.

सवय लावून घ्यावी अशी

नियोजनाची सवय लावण्यासाठी मोठ्या ग्रंथांची गरज नाही. डमी मांडली गेली की हातातली पाने टेबलावर उपडी ठेवावीत आणि पाच प्रश्न मनात म्हणावेत. डमीत त्या रंगाचे एकच पान असले, म्हणजे टाकायचे काय हा प्रश्नच नसला, तरी थांबावे. या थांबण्यात कोणताही असभ्यपणा नाही. पहिल्या हाताला विचार करणे टेबलावरच्या शिष्टाचारात बसते. उलट मध्येच दीर्घकाळ अडखळल्याने आपली अडचण प्रतिस्पर्ध्यांना कळते. सरावासाठी संगणकावर ब्रिज खेळता येते. पण तिथे पाने भराभर पडतात आणि घाईची सवय जडते. त्यापेक्षा वर दिलेल्या डावांसारखी पाने मांडून, झाकलेली छब्बीस पाने निरनिराळ्या प्रकारे वाटून पाहावीत. आपली योजना कोणत्या वाटपात टिकते आणि कोणत्यात कोसळते, ते आपोआप कळू लागते.

योजना आखूनही डाव बुडतो. पाच पाने एकाच हाती निघतात, साठ टक्क्यांचा अंदाज उरलेल्या चाळीसमध्ये जातो. अशा वेळी समोर गप्प बसलेला जोडीदार काही बोलत नाही, कारण आपल्या तेरा पानांचे काय झाले हे त्याने पाहिलेले असते. विचार करून बुडालेला डाव आणि घाईने बुडवलेला डाव गुणपत्रिकेवर सारखेच दिसतात. जोडीदाराला त्यातला फरक कळतो, आणि पुढच्या डावात तो बोली किती विश्वासाने चढवतो, ते त्यावरच अवलंबून असते.